पायरीवरचे अक्षर

दरवर्षी जूनमध्ये आमच्या मराठी विभागाच्या दारावर एक फलक लागतो आणि त्यावर 'सुस्वागतम्' असे छापलेले असते. फ्लेक्सचा हा फलक पावसाळा सरेपर्यंत फिकट होतो, दिवाळीनंतर एका कोपऱ्याने सुटतो, आणि संत्र्याच्या मृगबहाराच्या दिवसांत एखाद्या विद्यार्थ्याच्या वाडीवर ढिगाचे पांघरूण होऊन जातो. त्याचा तिथला उपयोग आमच्या दारावरच्या उपयोगापेक्षा अधिक खरा आहे, हे आम्हांला मान्य आहे. प्रश्न इतकाच, की ज्या विभागात अक्षरांखेरीज दुसरे काही शिकवलेच जात नाही, त्याच्या दारावर अक्षर म्हणून जे असते ते वर्षभरात कोणी पाहिलेले असते काय? आम्ही वर्गात विचारले. फलकाचा रंग एकालाही आठवेना. त्यावरचा 'स' कसा होता, हे विचारण्याचे धैर्य मग आम्हांलाच झाले नाही.

त्या खजिलपणातून एक बेत निघाला. विभागाच्या दाराशी मोझॅकचे, हाताने रेखलेल्या अक्षरांचे प्रवेशस्थान करायचे, आणि ते आपण व विद्यार्थ्यांनी शिकून करायचे. हा लेख त्या उन्हाळ्याचा वृत्तान्त म्हणून लिहिलेला नाही. त्या कामात मराठीच्या अध्यापनाविषयी आमची जी काही मते मोडली आणि जी नवी झाली, ती सुज्ञ वाचकांपुढे ठेवावीत, एवढाच हेतू आहे.

कळमेश्वर नागपूरपासून वीसेक किलोमीटरवर, इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहे. आमच्या विद्यार्थ्यांचे निम्मे पालक औद्योगिक वसाहतीत कामाला, तर निम्मे कापूस-संत्र्याच्या शेतीत. या भागात 'मोझॅक' हा शब्द कोणालाही परका नाही, पण त्याचे अर्थ दोन आहेत. एक म्हणजे पांढऱ्या वा रंगीत सिमेंटमध्ये संगमरवराच्या बारीक चिपा घालून, घिसाई करून, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडने चकाकी आणलेली जुन्या घरांतली फरशी. मुंबईत १९२२ साली भारत टाइल्स या स्वदेशी उद्योगाने सिमेंटच्या नक्षीदार फरश्या करायला आरंभ केला. नक्षीच्या फरशीची आणि चिपांची ही हौस पुढे गावोगावच्या ओट्यांपर्यंत उतरली. दुसरा अर्थ 'चायना मोझॅक', म्हणजे गच्चीवर बसवलेले चिनीमातीच्या फुटक्या फरश्यांचे पांढरे तुकडे. नागपुरी उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की त्या पांढऱ्या गच्चीखाली राहणाऱ्याला तिचे मोल कळते. याच फुटक्या तुकड्यांनी बार्सिलोनात गौदीने पार्क ग्वेलची बाके मढवली आणि अहमदाबादेत बाळकृष्ण दोशींनी गुंफेचे घुमट मढवले. म्हणजे ज्याला कलेचा इतिहास म्हणतात तो आमच्याकडे गच्चीवर पसरलेला होता, आणि आम्ही त्यावर पापड वाळवीत होतो.

आम्हांला शिकवायला जे गृहस्थ आले त्यांनी तारुण्यात चिपांच्या फरश्या केल्या होत्या. ओट्यावर मालकाचे नाव आणि सन घालण्यात त्यांचा हातखंडा. चकचकीत तयार फरश्यांनी बाजार व्यापल्यावर ते काम संपले. त्यांचा मुलगा आता त्याच तयार फरश्या चौरस फुटाच्या भावाने बसवतो. विद्यार्थी त्यांना 'काका' म्हणत, आम्ही 'भाऊ' म्हणत असू, आणि ते आम्हां दोघांना 'मास्तर' म्हणत. या संबोधनात आदर किती आणि गंमत किती, हे शेवटपर्यंत कळले नाही.

पहिला धडा त्यांनी अक्षराचा दिला. आम्ही 'कळमेश्वर' हे नाव तपकिरी कागदावर पट्टीने खाली एक रेघ आखून, तिच्यावर अक्षरे उभी करून काढून आणले होते. भाऊंनी कागद पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, हे अक्षर खाली काहून ठेवलं जी? आपलं अक्षर तर टांगलेलं राहते." मग त्यांनी वरची रेघ आधी ओढली, आणि खिशातून ओळंबा काढून तिच्यावरून सोडला.

आम्ही दोघे वीस वर्षे मराठी शिकवीत आहोत. लिपीचा इतिहास शिकवतो, बाळबोध आणि मोडीतला भेद शिकवतो, शिरोरेषेची व्याख्या परीक्षेत विचारतो. परंतु देवनागरी अक्षर रेघेवर उभे नसून रेघेला लोंबते, आणि म्हणून त्याचा तोल ओळंब्याने पाहावा लागतो, हे त्या क्षणापर्यंत आम्हांला 'कळलेले' नव्हते. गवंडी पायापासून वर जातो. आपली लिपी माथ्यापासून खाली येते. तिच्या खालच्या कडेला एकसारखेपणा नसतो, कारण तिथे उकार येतात, जोडाक्षरांचे पाय येतात. आम्ही वहीच्या रुळांवर लिहायला शिकलो, आणि ते रूळच आम्हांला खरे वाटू लागले.

दुसरा धडा जागेचा. फुटक्या तुकड्यांचे काम करताना आधी अक्षर बसवतात. मग त्या अक्षराच्या कडेकडेने, त्याच्या वळणाला धरून, पार्श्वभूमीच्या तुकड्यांची एक ओळ फिरते. उरलेली जमीन त्यानंतर भरायची. ही मधली ओळ चुकली तर अक्षर जमिनीत बुडते. 'ळ'च्या दोन पोटांत, 'व'च्या गाठीत, 'म'च्या कोपऱ्यात किती मोकळी जागा सोडायची, हे आधी ठरवावे लागते. कमी पडली तर दर्जा भरताना सिमेंट ती गिळून टाकते आणि अक्षराचा गोळा होतो. आमच्या एका विद्यार्थिनीने तिसऱ्या दिवशी सहज म्हटले, "सर, अक्षर म्हणजे जेवढं काळं तेवढंच नाही, आतलं पांढरंपण अक्षरच आहे." कवितेतील मौनावर आम्ही जी व्याख्याने देतो त्यांच्या टिपणांत हे वाक्य घालावे, असे त्या दिवसापासून मनात आहे.

आमची फजितीही सांगितली पाहिजे. तुकडे बसवण्याच्या दोन रीती आहेत. एक सुलट: थेट जागेवर चिकटवत जाणे. दुसरी उलट: कागदावर पिठाच्या खळीने तुकडे पालथे चिकटवायचे, मग तो कागद सिमेंटवर उपडा दाबायचा आणि ओला करून सोलून काढायचा. दुसऱ्या रीतीत कागदावरचे अक्षर आरशातल्यासारखे उलटे काढावे लागते. भाऊ त्या दिवशी आले नव्हते. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने अक्षर सुलटच काढले, दुपारभर तुकडे चिकटवले, संध्याकाळी कागद सोलला, आणि जमिनीवर उलटे 'या' प्रकटले: काना डावीकडे, अक्षर उजवीकडे. विद्यार्थी हसले, आम्हीही हसलो. पण ते वाचताना जी क्षणभराची अडखळ झाली तिचा विचार रात्रभर सुटला नाही. वाचणे ही आमच्या लेखी इतकी निर्विघ्न क्रिया झाली आहे की अक्षर उलटे झाल्याखेरीज आम्ही त्याच्याकडे पाहत नाही.

आता 'ळ' आणि 'श' यांविषयी. आमच्या गावाच्या नावात ही दोन्ही अक्षरे आहेत, हा योगायोग आम्हांला उपकारक ठरला. नागपूर हे आधी मध्य प्रांताच्या आणि मग १९५६पर्यंत मध्य प्रदेशाच्या राजधानीचे शहर. हिंदी येथे शेजारीण नाही, घरातलीच आहे, आणि तिच्याशी आमचे भांडणही नाही. परंतु हिंदीभाषक मित्र आमच्या गावाला 'कलमेश्वर' म्हणतात, आणि पुष्कळ फलकांवरही हळूहळू तेच उमटते. ते चुकून उमटते, वैराने नव्हे. 'श' आणि 'ल' यांचे तर अधिक सूक्ष्म आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठीसाठी गाठयुक्त 'श' आणि पाकळीयुक्त 'ल' ठरवून दिले. आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत मात्र शेंडीफोड्या 'श' आणि दंडयुक्त 'ल' सर्रास सापडतात, कारण मोबाइलच्या पडद्यावर ते तसे दिसतात. निर्णय कागदावर राहिला आणि वळण यंत्राने ठरवले.

आम्ही याविषयी पूर्वी वर्गात रागावत असू. मोझॅकच्या कामात रागावण्याची वेळच आली नाही. 'श'ची गाठ तुकड्यांनी वळवायला दोन दिवस लागले, आणि 'श्व' जोडताना 'व' त्याच्या खाली घ्यावा की शेजारी, यावर विद्यार्थ्यांत एवढी चर्चा झाली की एकेकाने आजीची पोथी, घराण्याची जुनी खातेवही, मंदिराच्या देणगीदारांची पाटी असे पुरावे आणून मांडले. शुद्धलेखनाच्या तासाला जे जांभया देतात तेच हे विद्यार्थी. ज्या अक्षरावर दोन दिवस खर्ची पडले ते अक्षर माणूस पुन्हा बेफिकिरीने लिहीत नाही. आमचे पहिले मत असे, की लेखनाची आस्था नियमाने येत नाही. ती हाताने येते.

याच ठिकाणी आजच्या भाषिक वातावरणाविषयी एक शब्द. २०२२मध्ये राज्याने कायद्यात दुरुस्ती करून लहानमोठ्या सर्व दुकानांना मराठी पाटी बंधनकारक केली. सप्टेंबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दोन्ही गोष्टींचे आम्ही स्वागत करतो. पण कायदा पाटीवर मराठी किती मोठी असावी एवढेच सांगू शकतो. ती कशी असावी हे सांगू शकत नाही. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांची नावे अशी रेखली की जाहिरातीतल्या अक्षरांवरूनच नाटकाची प्रकृती कळावी. र. कृ. जोशी (१९३६–२००८) कवीही होते आणि सुलेखनकारही. संगणकावरचा 'मंगल' टंक त्यांच्या हातचा. ही दोन नावे मराठीच्या पदव्युत्तर वर्गात किती विद्यार्थ्यांना ठाऊक असतात? आम्ही आमच्या वर्गात विचारले होते. उत्तर लिहायला संकोच वाटतो. दोष विद्यार्थ्यांचा नाही. आम्ही कधी सांगितलेच नव्हते.

नाव तर गिरवून झाले. दारात शब्द कोणता घालायचा, हा प्रश्न उरला. 'सुस्वागतम्' अर्थात पहिल्याच बैठकीत बाद झाला. 'सु' आणि 'आगत' मिळून 'स्वागत' होते. त्याला पुन्हा 'सु' लावणे म्हणजे दारात उभे राहून दोनदा हात जोडणे. व्याकरणाचा हा आक्षेप आमचा होता. विद्यार्थ्यांचा आक्षेप वेगळा आणि अधिक खोल निघाला. एक जण म्हणाला, "सर, आमच्या घरी कोणी कोणाला सुस्वागतम् म्हणत नाही. या, बसा म्हणतात." 'या' हा शब्द मग एकमताने ठरला. दोन हजार वर्षांपूर्वी पॉम्पेईत एका श्रीमंत घराच्या दारासमोर जमिनीत 'हावे', म्हणजे नमस्कार, असे तुकड्यांनी लिहिलेले होते. दुसऱ्या घराच्या प्रवेशात साखळीच्या कुत्र्याचे चित्र आणि 'कुत्र्यापासून सावध' अशी अक्षरे. उंबरठ्यावरचे अक्षर हे पहिल्यापासून या दोहोंतले एक काहीतरी सांगत आले आहे: या, किंवा सांभाळून.

आणि मग खरी अडचण उभी राहिली. नमुन्याचा पहिला तुकडा आम्ही दारासमोर जमिनीवर ठेवला होता. आमच्या कार्यालयातले शिपाईमामा आले, थबकले, आणि हातातला चहाचा ट्रे सावरत त्यावरून उडी मारून आत गेले. अक्षरावर पाय कसा द्यायचा? पुस्तकाला पाय लागला तर आपण हात लावून डोळ्यांना लावतो. पॉम्पेईच्या माणसाला हा प्रश्न पडला नसेल. आम्हांला पडलाच पाहिजे होता, आणि तो शिपाईमामांनी पाडला.

मराठी परंपरेत याची दोन उत्तरे आहेत आणि ती परस्परविरोधी आहेत. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर 'सेवेचे ठायी तत्पर' एवढे शब्द आणि बांधणाऱ्याचे नाव कोरलेले आहे. नावाचे वाचन कोणी हिरोजी इंदुलकर करतात, कोणी इटळकर. परंतु त्याने नाव पायरीवर कोरले, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाखाली ते यावे अशी योजना केली, हा त्यातला भाव मराठी मनाने निःशंकपणे वाचला आहे. दुसरे उत्तर पंढरपूरचे. तिथली नामदेव पायरी नामदेवांनी संतांच्या चरणधुळीसाठी मागून घेतली असे परंपरा सांगते; वारकरी मात्र तिच्यावर पाय ठेवत नाही, माथा टेकवतो. ज्याने पायाखाली जाण्याची इच्छा धरली त्याला लोकांनी पायाखाली जाऊ दिले नाही.

त्या पायरीसमोर आणखी एक समाधी आहे, आणि तिच्यापाशी आमची चर्चा बराच वेळ थांबली. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळून चोखामेळा तिच्याखाली गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर ठेवल्या, अशी परंपरा आहे. म्हणजे भिंत बांधणारा मनुष्य दाराशी पोहोचला तो मरणानंतर, आणि दाराबाहेरच राहिला. त्या दारातून अस्पृश्य मानलेल्यांना आत जाता यावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७मध्ये दहा दिवस उपोषण करावे लागले. या सगळ्यानंतर 'या' हे एकाक्षरी क्रियापद साधे राहत नाही. कोणी कोणाला म्हणायचे, आणि म्हटल्यावर दार खरोखर उघडे असते काय? आमच्या वर्गातले पुष्कळ विद्यार्थी त्यांच्या घरातून महाविद्यालयाच्या दारात आलेले पहिलेच आहेत. त्यांच्यापैकी एकाने 'या'च्या काठासाठी निळे तुकडे निवडले. का, हे आम्ही विचारले नाही. नागपूरच्या परिसरात ते विचारावे लागत नाही.

मार्ग शेवटी एका विद्यार्थिनीच्या आईने सुचवला. त्या सहज पाहायला आल्या होत्या. म्हणाल्या, "रांगोळीच्या जागी घाला न मग." रांगोळी दारात असते, सर्वांना दिसते, आणि चालणारा तिला वळसा घालून जातो. बायका शतकानुशतके दारात अक्षरे, पावले, स्वस्तिके काढीत आल्या आणि हा पेच त्यांनी केव्हाच सोडवून ठेवला होता. आम्ही रायगड-पंढरपूर हिंडून आलो आणि उत्तर घरच्या अंगणात निघाले. त्याप्रमाणे दाराच्या डाव्या अंगाला, येणाऱ्याला वाचता येईल असे 'या' बसवले. उजव्या अंगाला, बाहेर जाणाऱ्याकडे तोंड करून, 'येतो' हा शब्द बसवला. मराठी माणूस निघताना 'जातो' म्हणत नाही. मुलींनी हरकत घेतली की आम्ही 'येते' म्हणतो. तेव्हा एकीनेच सांगितले की 'आम्ही' म्हटले तर सगळेच 'येतो' म्हणतात. प्रथमपुरुषी अनेकवचनाचा हा उदारपणा आम्ही व्याकरणाच्या तासाला कधी शिकवला नव्हता.

आमच्या एका स्नेह्याने या उपद्व्यापावर आक्षेप घेतला, आणि त्याची बूज राखली पाहिजे. ते म्हणाले, साहित्याच्या विद्यार्थ्याने फरश्या बसवायला का शिकावे? २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिकडेतिकडे कौशल्याचा गजर चालला आहे. तुम्हीही मराठी विभागाची कार्यशाळा करून टाकली. आक्षेपात तथ्य आहे. या कामाने कोणाला रोजगार मिळेल असे आम्ही म्हणत नाही. ज्या कसबाने भाऊंचेच पोट भरेनासे झाले ते विद्यार्थ्यांच्या गळ्यात घालणे लबाडीचे होईल. कारागिरीचे गोडवे गाणेही आम्हांला नको. चिपांच्या घिसाईची धूळ फुप्फुसात जाते; पाणी मारून घिसाई करा, तोंडाला फडके बांधा, हे भाऊ दर तासाला बजावीत, कारण सोबतीचे काही हात त्यांनी खोकता खोकता थांबलेले पाहिले होते. त्यांना आम्ही रोजाप्रमाणे मोबदला दिला, सन्मानाची शाल दिली नाही. ते त्यांना अधिक आवडले असावे.

परंतु आक्षेपाच्या पोटात दुसराही एक सूर होता: हे काम 'आपले' नव्हे. लेखणीचे हात वेगळे आणि करणीचे हात वेगळे, ही विभागणी आपल्या समाजाने जन्मावरून केली, आणि साहित्याच्या वर्गात ती अजून सभ्यपणे नांदते. आम्ही श्रमसंस्कृतीवरच्या कविता शिकवतो आणि थापी कोणती, करणी कोणती हे ओळखत नाही. ग्रामीण आणि दलित साहित्यातल्या वस्तूंच्या नावांना तळटीप लावतो, आणि त्या वस्तू वापरणारा वर्गाबाहेरच्या भिंतीला गिलावा करीत असतो. आमचे दुसरे मत असे, की मराठीच्या प्रत्येक विभागाने वर्षातून काही दिवस तरी अक्षर हाताने घडवावे. मोझॅकच असले पाहिजे असे नाही. बोरू चालेल, खिळे जुळवणे चालेल, पाटी रंगवणे चालेल. शिकवायला मात्र ते काम ज्याच्या हातात आहे त्यालाच बोलवावे, आणि त्या दिवसांपुरते आपण बाकावर बसावे. रोजगारासाठी नव्हे, वाचण्यासाठी हे करावे. पाहिल्यावाचून वाचणे आपल्या अंगवळणी पडले आहे, आणि तशा वाचनातून जी समीक्षा निघते ती त्या फ्लेक्सइतकीच टिकते.

काम निर्दोष झालेले नाही. 'येतो'तल्या 'त'चा काना किंचित डावीकडे झुकला आहे. ओळंबा त्या दिवशी कोणीतरी दुसरीकडे नेला होता. 'या'च्या एका कोपऱ्यातला तुकडा पहिल्याच पावसात सुटला आणि तो आम्ही सुलट रीतीने परत बसवला. उलटे झालेले पहिले 'या' फेकले नाही. ते कर्मचाऱ्यांच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवले आहे, आणि नवीन येणारा प्रत्येक जण त्याच्यापुढे क्षणभर अडखळतो.

जूनमध्ये फ्लेक्स लागला नाही. शिपाईमामा आता उडी मारत नाहीत. वळसा घालून येतात. संध्याकाळी कुलूप लावताना उजव्या बाजूच्या अक्षरांकडे पाहून कधीकधी मोठ्याने म्हणतात, "येतो जी." दाराला म्हणतात की आम्हांला, हे अजून ठरायचे आहे.